ज्वारीचें माहेर : आफ्रिका खंडाचा भूगोल व प्राचीन इतिहास

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारांत पौष-माघांत ज्वारीचीं कणसें भरूं लागलीं म्हणजे हुरड्याच्या आगट्या पेटतात. हें पीक याच मातीचें, अनादि काळापासून येथलेंच, असें त्या आगटीभोंवतीं बसलेल्या कोणासहि वाटावें. भोगीच्या दिवशींची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि कोंकणांतील नाचणीची आंबील यांविषयींहि सर्वसाधारण समजूत तशीच असते. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांस व उत्खनन करणाऱ्या संशोधकांस विचारलें तर ते निराळें उत्तर देतात. हीं तिन्ही धान्यें मूळचीं आफ्रिकेचीं. ज्वारीचें माहेर सूदानच्या पूर्वभागांतील माळरानांत, बाजरीचें पश्चिम आफ्रिकेंत सहाराच्या दक्षिण कडेस, आणि नाचणीचें इथिओपिया व युगांडा यांच्या डोंगराळ मुलखांत. पूर्व सूदानांतील एका प्राचीन वस्तीच्या खापरांवर ज्वारीच्या तुसांचे ठसे उमटलेले आहेत. ते तपासून, ज्वारी पांच हजार वर्षांहूनहि पूर्वीं तेथें पेरली जात होती, असा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें इ. स. पूर्वींच्या दुसऱ्या सहस्रकांत हीं धान्यें समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या पश्चिम भागांत येऊन पोंचलीं. रानगवतांतून पिढ्यान् पिढ्या दाणा निवडून ज्या लोकांनीं हें अन्न सिद्ध केलें, त्यांचा इतिहास काय, हा प्रश्न मात्र भाकरी खाणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं.

हा प्रश्न मनांत न येण्यास एक कारण आहे. ‘आफ्रिकेस इतिहासच नाहीं’ असा निकाल युरोपांतील मोठमोठ्या विद्वानांनीं देऊन टाकला होता. जर्मन तत्त्ववेत्ता हेगेल यानें बर्लिन येथें इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यानें दिलीं. तीं त्याच्या मृत्यूनंतर १८३७ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्यांत त्यानें आफ्रिकेस जगाच्या इतिहासाबाहेर ठेवलें, आणि ईजिप्त देश तेवढा तिच्यापासून तोडून आशियाच्या पदरांत घातला. पुढें १९६३ सालीं ऑक्सफर्ड येथील इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनींहि, आफ्रिकेंत इतिहास आहे तो युरोपियनांचा, बाकी सारा अंधार, अशा अर्थाचें विधान आपल्या व्याख्यानमालेंत केलें, आणि तीं व्याख्यानें दूरचित्रवाणीवरून घरोघर गेलीं.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. ज्या लोकांस इतिहास नाहीं त्यांनीं स्वतः कांहीं घडविलें नाहीं, आणि ज्यांनीं कांहीं घडविलें नाहीं त्यांच्यावर दुसऱ्यांनीं राज्य केलें तर बिघडलें कोठें, अशी ही विचारसरणी होती. १८८४-८५ सालीं बर्लिन येथें भरलेल्या परिषदेंत युरोपीय सत्तांनीं आफ्रिकेंत मुलूख बळकावण्याचे नियम ठरविले. त्या परिषदेंत आफ्रिकेचा एकहि प्रतिनिधि नव्हता. ज्या घराची वांटणी व्हावयाची त्या घरच्या माणसांस बोलावण्याची गरज कोणास भासली नाहीं. म्हणून तो निकाल खरा कीं खोटा, हें पाहणें अगत्याचें आहे. आणि त्याचा आरंभ भूगोलापासून केला पाहिजे.

श्रोत्यांनीं क्षणभर नकाशा डोळ्यांपुढें आणावा. आफ्रिका हें आशियाच्या खालोखाल मोठें खंड. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १ कोटी १७ लक्ष चौरस मैल, म्हणजे आजच्या भारताच्या जवळजवळ नऊपट. उत्तर टोंकापासून दक्षिण टोंकापर्यंतचें अंतर सुमारें ५,००० मैल. विषुववृत्त त्याच्या जवळजवळ मधोमध जातें, त्यामुळें येथील हवामान आरशांतील प्रतिबिंबासारखें दुहेरी आहे. मध्यभागीं काँगो नदीच्या खोऱ्यांत घनदाट अरण्य. त्याच्या दोन्ही अंगांस उंच गवताचीं माळरानें. त्यांच्या पलीकडे उत्तरेस सहारा, दक्षिणेस कालाहारी व नामिब हीं वाळवंटें. आणि अगदीं दोन्ही टोंकांस, अल्जीरियाच्या व केपच्या किनाऱ्यांवर, हिवाळ्यांत पाऊस पडणारा द्राक्षांचा मुलूख. पूर्वेस भूकवच दुभंगून झालेली प्रचंड खचदरी, व तिच्या आसपास सरोवरें आणि ज्वालामुखी. तेथेंच विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर किलिमांजारो पर्वत उभा आहे. त्याच्या १९,३४० फूट उंचीच्या माथ्यावर बर्फ आढळतें.

अशा या खंडांत बाहेरच्या माणसानें शिरावें कसें? किनाऱ्यास खांचाखोंचा थोड्या, म्हणून नैसर्गिक बंदरें थोडीं. आंतील प्रदेश बव्हंशीं पठाराचा, त्यामुळें नद्या समुद्राकडे येतां येतां कड्यांवरून उड्या घेतात. काँगो नदीच्या मुखांतून शंभरएक मैल आंत गेलें कीं धबधब्यांची मालिका वाट अडविते. झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया धबधबा आहे. नीलेवर अस्वान व खार्टूम या दोन शहरांच्या दरम्यान सहा प्रपात आहेत. उत्तरेस सुमारें ३५ लक्ष चौरस मैलांचा सहारा. दमट पट्ट्यांत त्से-त्से नांवाची माशी; तिच्या दंशानें घोडे व गुरें मरतात आणि माणसास निद्रारोग जडतो, म्हणून तेथें ना घोडदळ चाललें, ना बैलगाडी. हिंवतापानें तर परदेशी प्रवासी किनाऱ्यावरच गांठावे.

या अडथळ्यांचा अर्थ युरोपीय लेखकांनीं चुकीचा लावला. दार बाहेरून उघडत नाहीं, त्या अर्थीं घर ओसाड असलें पाहिजे, असें अनुमान त्यांनीं काढलें. वस्तुतः घर वाहतें होतें. किंबहुना मनुष्यजातीचें पहिलें घर तेंच. इथिओपियांत हादार येथें १९७४ सालीं जो सांगाडा मिळाला व जो ‘लूसी’ या नांवानें प्रसिद्ध आहे, तो मनुष्याच्या पूर्वज-कुळांतील असून सुमारें ३२ लक्ष वर्षांपूर्वींचा आहे. आणि मोरोक्कोंत जबल इर्हूद येथें सांपडलेल्या, आपल्याच जातीच्या आद्य मानवाच्या अस्थि सुमारें ३ लक्ष वर्षांच्या जुन्या ठरल्या आहेत.

सर्वांत मोठा अडसर जो सहारा, तोहि सदासर्वकाळ वाळवंट नव्हता. सुमारें ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वींच्या काळांत, पृथ्वीचा अक्ष व तिची कक्षा यांत मंदगतीनें होणाऱ्या फरकांमुळें, आफ्रिकेचा मोसमी पाऊस उत्तरेकडे पुष्कळ आंतपर्यंत पोंचत असे. त्या काळीं चाड सरोवर आजच्या कास्पियन समुद्राशीं तुलना करावी एवढें विस्तीर्ण होतें. आग्नेय अल्जीरियांत तासिली-न-अज्जेर येथील खडकांवर हजारों चित्रें आहेत. जेथें आज पाण्याचा थेंब मिळणें कठिण, तेथल्या खडकांवर गुरांचे कळप आणि पाणघोडे रंगविलेले आहेत. ईशान्य नायजेरियांत दुफुना गांवाजवळ १९८७ सालीं एका गुराख्यास विहीर खणतांना एकसंध लांकूड कोरून केलेली होडी सांपडली. ती सुमारें ८,००० वर्षांची जुनी ठरली. जगांतील अत्यंत प्राचीन होड्यांत तिची गणना होते, आणि ती सांपडली कोठें, तर वाळवंटाच्या उंबरठ्यावर!

पुढें पाऊस हळूहळू मागें हटला, आणि त्याच्या मागोमाग लोकहि सरकले. कांहीं पूर्वेस नीलेच्या कांठीं गेले, कांहीं दक्षिणेस साहेल म्हणतात त्या गवताळ पट्ट्यांत उतरले. आफ्रिकेंत पुष्कळ ठिकाणीं शेतीच्या अगोदर गुरें पाळण्याची विद्या आली, ती याच फिरत्या लोकांची. आतां जेथें पावसाचा भरंवसा नाहीं, तेथें अल्प पाण्यावर तग धरणारें धान्य हवें. ज्वारी व बाजरी हीं पिकें त्या लोकांनीं हाताशीं धरलीं तीं अशा कोरड्या मुलखांत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत राहणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्यास हींच धान्यें एवढीं मानवलीं, याचें कारणहि तेंच आहे. एका कोरड्या देशाचें शहाणपण दुसऱ्या कोरड्या देशाच्या उपयोगी पडलें.

आतां नीलेकडे वळावें. ही नदी सुमारें ४,१०० मैल लांब आहे. तिचा एक प्रवाह, पांढरी नील, मध्य आफ्रिकेच्या सरोवरांतून येतो. दुसरा, निळी नील, इथिओपियाच्या ताना सरोवरांतून निघतो. दोहोंचा संगम खार्टूम येथें होतो. ईजिप्त देशांत पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. परंतु इथिओपियाच्या डोंगरांवर मोसमी पाऊस कोसळला कीं त्याचा गाळ घेऊन नदी दरसाल ईजिप्तांत पूर आणीत असे, व त्या गाळावर शेती होई. विसाव्या शतकांत अस्वानचें उंच धरण होईपर्यंत हा क्रम हजारों वर्षें चालला. इ. स. पूर्वीं ३१०० च्या सुमारास उत्तर व दक्षिण ईजिप्त एका छत्राखालीं आले, आणि इ. स. पूर्वींच्या सव्विसाव्या शतकांत खुफू राजाचा मोठा पिरॅमिड उभा राहिला. हें सारें वैभव आफ्रिकेच्या अंतर्भागांत पडणाऱ्या पावसावर पोसलें होतें. हेगेलनें ईजिप्त आफ्रिकेपासून कागदावर तोडला. नदी कशी तोडणार?

ईजिप्तची कथा पुष्कळांस ठाऊक असते. त्याच्या दक्षिणेच्या शेजाऱ्याची नसते. प्रपातांच्या पलीकडे, आजच्या सूदानांत, कूश नांवाचें राज्य होतें. त्याची पहिली राजधानी केर्मा. तेथें कच्च्या विटांचें एक भव्य देवालय आज साडेतीन हजार वर्षांनंतरहि सुमारें साठ फूट उंच उभें आहे. इ. स. पूर्वीं १५०० च्या सुमारास ईजिप्तच्या राजांनीं कूश जिंकलें. परंतु काळचक्र उलटें फिरलें, आणि इ. स. पूर्वींच्या आठव्या शतकांत कूशच्या पिये नांवाच्या राजानें ईजिप्तवर स्वारी करून तो देश आपल्या सत्तेखालीं आणला. त्याच्या वंशास ईजिप्तच्या इतिहासांत पंचविसावें राजघराणें म्हणतात. या स्वारीची हकीकत पिये यानें एका शिलेवर कोरविली. ती शिला नापाता या कूशच्या दुसऱ्या राजधानींत, जबल बर्कल टेंकडीच्या पायथ्याशीं, १८६२ सालीं सांपडली. तींत एक प्रसंग आहे. वेढा पडलेलें एक नगर शरण आल्यावर राजा तेथील पागा पाहावयास गेला, तों घोडे उपासमारीनें खंगलेले दिसले. शत्रूनें केलेल्या इतर सर्व अपराधांपेक्षां या मुक्या जनावरांचे हाल आपणांस अधिक लागले, असें त्यानें त्या पराभूत राजास सुनावलें. ज्या लोकांस इतिहास नाहीं म्हणतात, त्यांच्या राजाच्या मनांतील कळवळा असा अडीच हजारांहून अधिक वर्षें दगडावर टिकून आहे.

असुरांच्या, म्हणजे असीरियन लोकांच्या, स्वाऱ्यांमुळें या घराण्यास ईजिप्त सोडावा लागला. पण कूशचें राज्य त्यानंतर हजार वर्षें टिकलें. पुढील राजधानी मेरोए ही लोखंड गाळण्याच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध होती. तेथील लोहमळीचे ढीग आजहि दिसतात. सूदानांत दोनशेंहून अधिक पिरॅमिड आहेत. आकारानें ते लहान खरे, पण संख्येनें ईजिप्तमधील पिरॅमिडांहून जास्त. मेरोएची स्वतःची लिपि होती. फ्रान्सिस ग्रिफिथ या इंग्रज पंडितानें १९११ च्या सुमारास तिचीं अक्षरें लाविलीं; आज लेख वाचतां येतात, परंतु त्यांचा अर्थ अद्याप बव्हंशीं लागत नाहीं. लेखन नाहीं आणि लेखन आम्हांस समजत नाहीं, या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे!

या मेरोएची रोमशीं एकदां गांठ पडली. इ. स. पूर्वीं ३० मध्यें रोमनें ईजिप्त घेतला. त्यानंतर पांचएक वर्षांनीं कूशच्या सैन्यानें अस्वानकडील ठाणीं मारून सम्राट ऑगस्टसचे पुतळे पाडून नेले. कूशच्या राण्यांची पदवी ‘कंदाके’ अशी असे. त्या वेळची कंदाके एका डोळ्यानें अधू व मोठी करारी होती, असें स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो. रोमन सेनापति पेट्रोनियस यानें उलट चढाई केली. परंतु अखेर सामोस बेटावर सम्राटानें कूशच्या वकिलांची भेट घेतली व लादलेली खंडणी माफ केली. एवढें ग्रंथांतून ठाऊक होतें. पुढें १९१० सालीं मेरोए येथें खणतांना एका देवळाच्या पायरीखालीं ऑगस्टसच्या पुतळ्याचें कांशाचें शिर निघालें. आंत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्यावर पडावा, अशा बेतानें तें पुरलेलें होतें. तें आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. रोमन बाजूची हकीकत रोमच्या अंकित ग्रंथकारानें लिहिली. कूशची बाजू त्या पायरीखालीं होती.

मेरोएच्या आग्नेयीस, इथिओपियाच्या पठारावर, पुढें अक्सूमचें राज्य उदयास आलें. त्याचें बंदर तांबड्या समुद्रावरील आदुलिस. येथें आफ्रिकेचा व महाराष्ट्राचा इतिहास एकाच पुस्तकांत भेटतो. इ. स. च्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें एक नाविक मार्गदर्शन आहे. त्यांत आदुलिसहून हस्तिदंत, गेंड्याचीं शिंगें व कांसवाची पाठ निर्यात होते, आणि हिंदुस्थानांतून तेथें लोखंड, पोलाद व सुती कापड जातें, असें नमूद आहे. त्याच पुस्तकांत भरुच, सोपारा व कल्याण हीं बंदरें आणि पैठण व तेर या घाटावरच्या पेठा येतात. मोसमी वारा एका ऋतूंत पश्चिमेकडून वाहतो व दुसऱ्यांत परत फिरतो. त्याच्या पाठीवर हा व्यापार चाले. ज्या मोसमानें नीलेस पूर आणला, त्यानेंच सोपाऱ्याचीं गलबतें आफ्रिकेस नेलीं.

अक्सूमच्या राजांनीं इ. स. च्या तिसऱ्या शतकापासून स्वतःच्या नांवाचीं सोन्याचीं नाणीं पाडलीं. चौथ्या शतकांत एझाना राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां नाण्यांवरील चंद्रकोर व बिंब जाऊन त्यांच्या जागीं क्रूस आला. त्याच्या राजधानींत एकेका पाषाणाचे प्रचंड स्तंभ उभे आहेत. त्यांतील सुमारें ७९ फूट उंचीचा एक स्तंभ इटलीच्या सत्ताधीशांनीं १९३७ सालीं रोमला नेला होता. तो २००५ सालीं परत आला व २००८ सालीं मूळ जागीं पुन्हां उभा राहिला. याच देशांतील देब्रे दामो या डोंगरी मठांत १९४० सालीं कुशाण राजांचीं शंभरांवर सोन्याचीं नाणीं एकत्र सांपडलीं. पेशावर-मथुरेच्या राजांचें सोनें इथिओपियाच्या कड्यावर पोंचलें होतें.

या देशास अरब ‘हबश’ म्हणत, व त्यावरून मराठींत ‘हबशी’ हा शब्द रुळला. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखास हबसाण म्हणत तेंहि त्यामुळेंच. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा इथिओपियांत सुमारें १५४८ सालीं जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि दख्खनेंत येऊन त्यानें मोंगलांशीं दीर्घकाळ झुंज दिली, जमीनमहसुलाची व्यवस्था लावली, खडकी शहर वसविलें. तेंच आजचें छत्रपति संभाजीनगर. तो १६२६ सालीं वारला. या नात्यांत व्यापार होता तसा गुलामगिरीचा जुलूमहि होता, हें विसरतां येत नाहीं.

येथवर जे देश आले ते नील व तांबडा समुद्र यांच्या आसपासचे. तेव्हां आक्षेपक म्हणेल, कीं हा सारा शेजाऱ्यांचा प्रभाव. सहाराच्या दक्षिणेस काय होतें? त्याचें उत्तर पश्चिम आफ्रिकेची माती देते. नायजेरियांतील नोक या खेड्याजवळ १९२८ सालीं कथलाच्या खाणींत भाजलेल्या मातीच्या मूर्तींचा पहिला अवशेष मिळाला. १९४३ सालीं त्याच टापूंत आणखी एक शिर निघालें. तें एका कारकुनानें घरीं नेऊन शेतांत बुजगावणें म्हणून उभें केलें, आणि वर्षभर तें पांखरें हांकीत राहिलें. बर्नार्ड फॅग या अधिकाऱ्याच्या दृष्टीस तें पडलें, तेव्हां त्याचें मोल कळलें. ही कला इ. स. पूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतील असून, त्या लोकांच्या लोखंड गाळण्याच्या भट्ट्याहि सांपडल्या आहेत. एका प्राचीन संस्कृतीचा साक्षीदार शेतांत कावळे हांकीत होता, आणि पंडित म्हणत होते कीं येथें इतिहास नाहीं!

तीच गोष्ट माली देशांतील जेन्ने-जेनो या स्थळाची. पश्चिम आफ्रिकेंतील शहरें अरब व्यापाऱ्यांच्या उंटांमागून आलीं, असें पूर्वीं शिकविलें जाई. नायजर नदीच्या पुराच्या सखल प्रदेशांतील या टेंकाडाचें १९७७ सालीं उत्खनन झालें, तेव्हां तेथें इ. स. पूर्वीं २५० च्या सुमारासच वस्ती झाल्याचें, व अरबांच्या आगमनाआधींच तिचें मोठें नगर बनल्याचें सिद्ध झालें. आसपास लोहपाषाण नाहीं, जात्याचा दगड नाहीं. हें सर्व दुरून आणवून त्याच्या मोबदल्यांत आपला तांदूळ व सुकी मासळी देणारे ते लोक होते. हा तांदूळहि आफ्रिकेनें स्वतंत्रपणें लागवडीस आणलेल्या जातीचा. तेथें राजवाडा वा गढी कांहीं सांपडलें नाहीं. वेगवेगळ्या धंद्यांच्या वस्त्या शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

जेथें माती बोलत नाहीं तेथें भाषा बोलते. मराठींत हात, गुजरातींत हाथ, बंगालींत हात, यावरून या भाषा एका कुळांतल्या हें शाळकरी मुलासहि समजतें. त्याच न्यायानें, पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिलींत माणूस म्हणजे ‘म्तू’ व माणसें ‘वातू’, आणि तेथून हजारों मैल दक्षिणेस झुलू भाषेंत ‘उमुंतु’ व ‘आबांतु’. अशा सुमारें ५०० भाषांस मिळून ‘बांतू’ म्हणतात. त्यांचें मूळस्थान कॅमेरून व नायजेरिया यांच्या सरहद्दीवर. तेथून चार-पांच हजार वर्षांपूर्वीं निघून शेती व पुढें लोखंड बरोबर घेऊन हे लोक इ. स. च्या आरंभींच्या शतकांत दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोंचले. वाटेंत त्यांनीं आशियाकडून आलेली केळ आपलीशी केली, आणि हिंदुस्थानाकडचीं वशिंडाचीं गुरेंहि आफ्रिकेंत रुजलीं. म्हणजे समुद्रमार्गें ज्वारी इकडे आली, तशी वशिंडाचीं गुरें तिकडे गेलीं. देणें-घेणें दोहों बाजूंनीं होतें.

शेवटचें उदाहरण कालदृष्ट्या प्राचीन नव्हे, पण या वादाचा कस त्यावर लागतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत ग्रेट झिंबाब्वे येथें चुन्याशिवाय दगडावर दगड रचून केलेल्या भिंती आहेत. सर्वांत मोठ्या आवाराची भिंत ३६ फुटांपर्यंत उंच व परिघानें सुमारें ८२० फूट भरते. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ सालीं तेथें पोंचला. चौकटीच्या लांकडाची ढलपी त्याला आपल्या शिसपेन्सिलीच्या लांकडासारखी वाटली. तेवढ्यावरून हें देवदार, तें लेबनॉनचें, आणि म्हणून ही इमारत शेबाच्या राणीची, असा इमला त्यानें रचला! १९०५ सालीं रँडल-मॅकआयव्हर यानें व १९२९ सालीं गर्ट्रूड केटन-थॉम्सन या विदुषीनें शास्त्रशुद्ध उत्खनन करून, हें काम स्थानिक आफ्रिकी लोकांचेंच असें दाखवून दिलें. बांधकामाचा काळ अकराव्या ते पंधराव्या शतकांचा ठरला आहे. तेथें चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे व हिंदुस्थानी कांचमणीहि मिळाले आहेत.

एवढा पुरावा पुढें आल्यावर वाद संपावयास हवा होता. परंतु १९६५ सालीं ऱ्होडेशियांत अल्पसंख्य गोऱ्यांच्या सरकारनें स्वतंत्र सत्ता पुकारली, आणि हें सत्य त्या सरकारास परवडणारें नव्हतें. काळ्या लोकांनीं दगडी नगर बांधलें हें मान्य केलें, तर त्यांस राज्य करण्याची पात्रता नाहीं हें म्हणणें लंगडें पडतें. सरकारी प्रकाशनांत सत्य स्पष्टपणें येऊं नये, असा दाब संशोधकांवर आला. पीटर गार्लेक या पुराणवस्तुशास्त्रज्ञास १९७० सालीं आपली जागा सोडून देशाबाहेर जावें लागलें. भिंत कोणी बांधली, हा पांचशें वर्षांपूर्वींचा प्रश्न; पण मत कोणास मिळावें, या त्या काळच्या प्रश्नाशीं तो असा जोडलेला होता. १९८० सालीं बहुजनांचें राज्य आलें तेव्हां त्या लोकांनीं आपल्या देशाचें नांवच झिंबाब्वे ठेवलें, आणि त्या अवशेषांत मिळालेला संगजिऱ्याचा पक्षी आपल्या निशाणावर घेतला.

इतिहास नाहीं या निकालाचें खरें रूप हें असें आहे. आफ्रिकेचा इतिहास कागदावर थोडा व दगडांत, खापरांत, लोहमळींत, शब्दांत आणि बियाण्यांत फार आहे. तो वाचावयास कुदळ लागते, सूक्ष्मदर्शक लागतो, आणि सर्वांत आधीं तो असेल असें मानण्याची तयारी लागते. ही तयारी नसली म्हणजे पायरीखालचें शिर पायरीखालींच राहतें व शेतांतली मूर्ति बुजगावणेंच राहते. तुम्हांस इतिहासाची दृष्टि नाहीं, हें वाक्य हिंदुस्थानानेंहि परक्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकलें आहे. ज्यानें तें ऐकलें, त्यानें तरी दुसऱ्यास तें ऐकवूं नये.

मुलांच्या हातीं आफ्रिकेचा नकाशा द्यावा तो केवळ खाणी व बंदरें पाठ करण्यासाठीं नव्हे. त्यांत मेरोए, अक्सूम, नोक, जेन्ने-जेनो या चार जागा त्यांच्याकडून शोधवून घ्याव्या. आणि सूदानावर बोट ठेवून त्यांस सांगावें, कीं आज सकाळीं घरांत जी भाकरी झाली तिचें बियाणें येथून आलें.